सोलापुरात दोन मांजरांसाठी घरी कच्चा खिमा करायचाय, स्वस्तातलं कोणतं मशीन घ्यावं?

हाताने फिरवायचं, टेबलाला स्क्रूने आवळायचं १० किंवा १२ नंबरचं खिमा मशीन घ्या. दोन मांजरांना ते भरपूर होतं. मी स्वतः असंच वापरते. कोंबडीच्या मानेची हाडं त्यातून निघतात, थोडा जोर मात्र लागतो. स्वस्त इलेक्ट्रिक मशीनमध्ये आतले गिअर बऱ्याचदा प्लॅस्टिकचे असतात आणि हाड अडकलं की तेच आधी तुटतात. बिडाचं घेतलंत तर धुतल्यावर लगेच कोरडं पुसून तेलाचा हात फिरवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी पात्यावर तांबूस गंज दिसतो. बजेट असेल तर स्टीलचंच बघा. ॲल्युमिनियमचं नको, काळं पडतं. घेताना पातं काढून जाळीवर ठेवून बघा: मध्ये फट दिसली तर मांस कापलं न जाता चेंदून बाहेर येतं आणि शिरा पात्याला गुंडाळतात.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात मांस अर्धवट गोठवूनच दळा, पातं स्वच्छ कापतं आणि मांसही खराब होत नाही. मान आणि पंख चालतील. मटणाची नळी किंवा शिजवलेलं हाड अजिबात घालू नका. नुसत्या छातीच्या मांसात टॉरिन (मांजरांना आहारातून मिळावंच लागणारं पोषक द्रव्य) कमी असतं, म्हणून मांडी आणि काळीज-हृदयही हवं, पण प्रमाण पशुवैद्यांकडून ठरवून घ्या.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते: बर्ड फ्लूची बातमी असेल तेव्हा कच्चं चिकन पूर्ण बंद, बिनहाडाचं मांस शिजवूनच द्या. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या त्यानेच गेले. फ्रीजरमध्ये ठेवून हा विषाणू मरत नाही.