अकरा वर्षांच्या लॅब्रेडॉरला अचानक खाज सुटली आहे. ॲलर्जी असेल का?

तुमचा लॅब्रेडॉर ११ वर्षांचा आहे. आजवर त्याला कातडीचा कसलाही त्रास नव्हता आणि गेल्या पंधरवड्यापासून तो रात्ररात्र खाजवतोय. सांध्यांसाठी त्याला मेलॉक्सिकॅम ही दुखण्याची गोळी चालू आहे, आणि ओळखीचे लोक म्हणताहेत की ही ॲलर्जी आहे, प्रेडनिसोलोनच्या, म्हणजे स्टिरॉइडच्या गोळ्या देऊन टाका. बाकी सगळं नंतर वाचलंत तरी चालेल, पण ही दोन औषधं एकत्र देऊ नका. दोन्ही पोटाच्या आतल्या अस्तराला इजा करतात. एकत्र दिल्यावर जखमा होऊन रक्तस्राव होऊ शकतो, आणि म्हाताऱ्या कुत्र्याला ते झेपत नाही. स्टिरॉइड द्यावंच लागलं तर डॉक्टर आधी दुखण्याची गोळी थांबवतात आणि मध्ये काही दिवस जाऊ देतात. चुकून दोन्ही दिली गेली असतील आणि शी डांबरासारखी काळी होत असेल, तर त्याच दिवशी दाखवा.

आता ॲलर्जीचं. धूळ, परागकण यांची ॲलर्जी कुत्र्यांमध्ये बहुतेक वेळा वयाच्या सहाव्या महिन्यापासून तिसऱ्या वर्षापर्यंत सुरू होते. अन्नाची ॲलर्जी कुठल्याही वयात होऊ शकते, हे खरं. पण दहा-अकरा वर्षं स्वच्छ कातडी घेऊन जगलेला कुत्रा एकाएकी खाजवू लागला, तर मी ॲलर्जीचा विचार सगळ्यात शेवटी करेन. आधी किडे, मग जंतू आणि बुरशी, आणि त्यांच्या मागे लपलेला एखादा आतला आजार.

पिसवा घरीच तपासता येतात. शेपटीच्या बुडाशी आणि मांड्यांच्या मागे बारीक दातांची फणी फिरवा, निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे कुत्र्याचंच पचलेलं रक्त. पिसू डोळ्यांना दिसली नाही म्हणून ती नाहीच असं समजू नका. मोठ्या झालेल्या पिसवा तेवढ्या अंगावर राहतात, अंडी आणि अळ्या गादीत, सतरंजीत, फरशीच्या फटीत असतात. नुसतं कुत्र्याला औषध देऊन भागत नाही ते म्हणूनच.

दुसरी शक्यता खरजेची, आणि ती मी जवळून पाहिली आहे. आमची राणी म्हातारी झाली होती तेव्हा अशीच अचानक खाजवू लागली. कानांच्या कडा, कोपरं आणि पोट तिने ओरबाडून लाल केलं. कातडी खरवडून तपासली, त्यात काही सापडलं नाही. पण सोसायटीच्या आवारातल्या पिल्लांशी ती रोज नाक लावून यायची, आणि माझ्या मनगटांवरही खाजणारे लाल पुरळ उठले होते. डॉक्टरांनी तिच्या कानाची कड बोटांनी चोळली आणि तिचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवू लागला. एवढ्यावर त्यांनी खरजेचे उपचार सुरू केले, आणि ते बरोबर ठरले. हे किडे कातडीच्या आत बोगदे करून राहतात आणि थोडेच असले तरी भयंकर खाज आणतात, त्यामुळे तपासणीत ते बऱ्याचदा हाती लागत नाहीत. तुमच्या घरात कुणाला खाज सुटली असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. माणसाच्या अंगावर कुत्र्याची खरूज फार काळ टिकत नाही, पण निदानाला तिचा मोठा उपयोग होतो. नेक्सगार्ड, सिम्पारिका, ब्राव्हेक्टो या गटातल्या गोळ्या खरूज, पिसवा, गोचीड या तिन्हींवर चालतात. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर मात्र गोळी घेण्याआधी तसं सांगा. आणि घरात दुसरा कुत्रा असेल तर त्यालाही औषध द्यावं लागतं.

किडे नसतील तर जंतू आणि बुरशी. पावसाळ्यात, दाट केसांच्या कुत्र्यात, बगलेत, जांघेत आणि बोटांच्या मधे हे हमखास वाढतात. आंबूस, तेलकट वास येतो, कातडी काळसर आणि जाड होते. सेलोटेप कातडीला चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की दवाखान्यातच कळतं. ही तपासणी करून मागा.

पण जंतू एकदम आत्ताच का वाढले, हा प्रश्न सोडू नका. थायरॉइड कमी पडणं किंवा कुशिंग (शरीरात स्टिरॉइडसारखं संप्रेरक जास्त होण्याचा आजार) यांनी खाज सहसा थेट सुटत नाही. कातडीची ताकद कमी होते, जंतू माजतात आणि खाज त्यांची असते. अँटिबायोटिकने बरं वाटतं, कोर्स संपला की पुन्हा तेच. म्हणून त्याचं पाणी मोजा. दिवसाला किलोमागे १०० मिलीच्या वर, म्हणजे ३० किलोचा कुत्रा ३ लिटरहून जास्त पीत असेल, तर ते नेहमीचं नाही. सोबत सारखी लघवी, सुटलेलं पोट आणि धाप असेल तर कुशिंगची तपासणी हवी. खाणं न वाढता वजन वाढणं, सतत झोपणं, शेपटीचे केस जाणं हे थायरॉइडकडे बोट दाखवतं. स्टिरॉइड आधीच सुरू केलं तर या दोन्ही तपासण्यांचे आकडे बिघडतात. त्या गोळ्यांची घाई नको म्हणतो, त्याचं हे दुसरं कारण.

आणखी एक बघा. तो अंगभर खाजवतोय की एकच जागा चाटतोय? मनगट किंवा कंबरेची एकच बाजू चाटत असेल तर ते सांधेदुखीमुळेही असतं. ढुंगण फरशीला घासत असेल तर गुदग्रंथी तपासायला सांगा. नाकाचा किंवा ओठांचा काळा रंग उडत असेल, कातडीवर पापुद्रे आणि गाठी येत असतील, तर बायॉप्सीला नाही म्हणू नका. कातडीचा एक कर्करोग म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये असाच सुरू होतो.

घरगुती उपायांत मी कापराला सक्त नाही म्हणेन. खोबरेल तेलात कापूर आपल्याकडे सर्रास लावतात, पण कुत्रा ते चाटतो, आणि कापूर पोटात गेला की झटके येऊ शकतात. रॉकेल, जळकं ऑइल, फिनेल यांचा विचारही नको. दाखवेपर्यंत क्लोरहेक्सिडीनचा कुत्र्यांचा शाम्पू वापरा. फेस दहा मिनिटं अंगावर राहू द्या, कोमट पाण्याने धुवा आणि बोटांच्या मधे, बगलेत पूर्ण कोरडं करा. ओरबाडत असेल तर गळ्यात शंकूसारखी कॉलर घाला.

जवळच्या डॉक्टरांकडे सूक्ष्मदर्शक नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात न्या. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे अशी महाविद्यालयं आहेत. जाताना सगळ्या औषधांची पाकिटं, रोजच्या पाण्याचा आकडा आणि पहिली खाज कुठे सुटली ते लिहून न्या. उपचार खरजेचे निघाले तर पहिल्या आठवड्यात खाज थांबली नाही म्हणून औषध बदलायला लावू नका. पूर्ण उतरायला तीन-चार आठवडेही लागतात.