पावसाळ्यानंतर बुलेट अडखळते? कार्ब शेवटी खोला

तुमची जुनी, कार्बवाली बुलेट (कार्ब म्हणजे कार्बोरेटर, पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आता अडखळते आणि जूनपासून कोकणात गुहागरला पडवीत उभी होती म्हणता, मग आधी पेट्रोल बघा. त्यातलं इथेनॉल ओलावा ओढतं आणि पाणी तळाशी बसतं. कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) बंद करून फ्लोट बोल (कार्बच्या तळाची पेट्रोलची वाटी) तेवढा काढा, बाकी कार्ब खोलू नका; आतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओता. खाली वेगळा थर किंवा गोळे झालेले थेंब दिसले तर टाकीही रिकामी करा. नुसता बोल पुसून भागत नाही.

मग प्लग आणि पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क). आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत पॉइंट लवकर काळे पडतात. बारीक पॉलिश पेपरने घासा, गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. कार्बच्या म्हणून आलेल्या पुष्कळ तक्रारी इथेच मिटतात!

तरीही चोक (थंड इंजिनासाठी पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका) लावल्यावरच चालते? म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. पायलट जेट (कमी वेगाला पेट्रोल सोडणारी कार्बमधली बारीक भोकाची नळी) तुंबलाय, नाहीतर मॅनिफोल्डपाशी (कार्ब इंजिनाला जोडतो तिथे) हवा शिरतेय. आता कार्ब खोला.

नवखे हमखास करतात ते:

- जेटमध्ये तार घालणं. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. कार्ब क्लीनर आणि हवेचा झोत पुरे.
- एअर स्क्रू (हवेचं प्रमाण ठरवणारा कार्बवरचा स्क्रू) न मोजता फिरवणं. आधी हलक्या हाताने पूर्ण आत न्या, किती फेरे झाले ते लिहा.
- एकदम दोन गोष्टी बदलणं.

कार्बमधल्या सुईची खाच, मेन जेटचे नंबर (दोन्ही जास्त वेगाच्या पेट्रोलचं प्रमाण ठरवतात) सध्या राहू द्या.