हृदयधमनीतून थेट कप्प्यात जाणारी जन्मजात वाट: शस्त्रक्रिया अटळ असते का?
देवगडच्या आपल्या पाच वर्षांच्या भाचीच्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ‘कोरोनरी फिस्टुला’, म्हणजे अशीच वाट, आढळला, म्हणून आपण हे विचारले आहे. शस्त्रक्रिया अटळ नसते. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी केशवाहिन्यांना (स्नायूतल्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांना) वगळून थेट एखाद्या कप्प्यात, बहुधा उजव्या बाजूच्या, उघडते, तेव्हा काही रक्त स्नायूला न मिळताच परत फिरते. वाट मोठी असेल तर स्नायूला रक्त कमी पडते आणि हृदयावरचा भार वाढतो. लहान वाट पुष्कळदा त्रास देत नाही, क्वचित आपोआप बंदही होते. तिथे नियमित तपासणी पुरते. मोठी वाट कॅथेटरमधून (रक्तवाहिनीतून सरकवलेल्या बारीक नळीतून) कॉइल, म्हणजे तारेचे छोटे वेटोळे, बसवून किंवा शस्त्रक्रियेने बंद करतात. वाटेचा आकार बालहृदयरोगतज्ज्ञांना आवर्जून विचारा, आणि त्यासाठी कोल्हापूर वा मुंबई गाठण्यापूर्वी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम या मुलांच्या तपासणी-उपचारांच्या सरकारी योजनेची चौकशी जिल्हा रुग्णालयात करा.