हत्तीरोगाच्या गोळ्या धडधाकट माणसाने का घ्यायच्या?

प्रश्न : आमच्या घरात आईशिवाय कुणालाच हत्तीपाय नाही. तरी आशाताई सगळ्यांना समोर उभं राहून गोळ्या खायला लावतात. मागच्या खेपेला भावाला ताप आला. यंदा नाही घेतल्या तर चालेल का? आणि आईची सूज या गोळ्यांनी उतरेल का?
– एक वाचक, लाखांदूर (जि. भंडारा)

उत्तर : गोळ्या घ्याच. हत्तीरोगाचे जंत अंगात शिरल्यावर पाय सुजायला कित्येक वर्षं जातात. तोवर माणूस रोवणीला जातो, ठणठणीत दिसतो आणि त्याच्या रक्तातली जंतांची पिल्लं क्युलेक्स डास घरोघरी पोचवतो. ही पिल्लं रात्रीच रक्तात फिरतात, म्हणून आरोग्य खात्याचं पथक रात्री साडेआठनंतर रक्त घ्यायला येतं.

डीईसी या जंतांवरच्या औषधाच्या १०० मिलिग्रॅमच्या गोळ्या वयाप्रमाणे असतात : २ ते ५ वर्षं एक, ६ ते १४ दोन, पुढे तीन. सोबत अल्बेंडाझोलची एक. आयव्हरमेक्टिन असेल तर ती उंची मोजून मिळते, पाच वर्षांखालच्यांना नाही. गरोदर बाई, दोन वर्षांखालचं मूल आणि गंभीर आजारी यांना यातलं काहीच द्यायचं नाही.

उपाशीपोटी घेतल्या की मळमळतं. ‘ठेवून जा, जेवून घेतो’ म्हटलं की गोळ्या कोनाड्यातच राहतात. त्यापेक्षा पथक यायच्या आधीच जेवून घ्या. भावाचा ताप बहुधा रक्तातली पिल्लं मेल्यामुळे आला असावा. असा ताप एक-दोन दिवसांत जातो, पॅरासिटामॉल पुरते. जास्त त्रास झाला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. मोठे जंत मात्र एका डोसाने सगळे मरत नाहीत, म्हणून पुढच्या फेरीतही गोळ्या घ्यायच्याच.

आईची जुनी सूज गोळ्यांनी उतरणार नाही. ती वाढू न देणं तुमच्या हातात आहे. रोज साध्या पाण्याने आणि साबणाने पाय धुवा. घासू नका. बोटांच्या बेचक्यांत मऊ फडकं घालून टिपून घ्या, कारण ओल राहिली की तिथे चिखल्या होतात, त्या भेगांतून जिवाणू शिरतात आणि हुडहुडी भरून पाय लालबुंद होतो. असा प्रत्येक झटका सूज आणखी वाढवतो. चिखल्यांवर बुरशीचं मलम लावा, बसताना-झोपताना पाय उंच ठेवा. झटका आला तर शेक आणि मालीश अजिबात नको. पायावर गार पाण्याची पट्टी ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा, अँटिबायोटिक लागतं.