कार्यक्रम सुरू असताना स्टेजबॉक्स (स्टेजवरचे माईक जिथे जोडतात तो डबा) मिक्सरपासून मध्येच का तुटतो?

दर पाच-दहा मिनिटांनी एईएस५०चा (स्टेजबॉक्स आणि मिक्सर यांच्यातली डिजिटल ऑडिओ लिंक) हिरवा दिवा लाल होतो, आवाज क्षणभर जातो आणि आपोआप परत येतो, असं तुम्ही लिहिलंय. मग मिक्सर उघडायच्या भानगडीत पडू नका, आधी केबल बघा.

साधी नेटवर्क केबल चालते असं वाटतं, आणि घरी टेस्टिंगला चालतेही. पण एईएस५०ला शील्डवाली (आतल्या तारांभोवती धातूचं आवरण असलेली) कॅट५ई नेटवर्क केबल लागते, दोन्ही टोकांना धातूचा कनेक्टर आणि शील्ड त्या धातूला नीट जोडलेली. शील्ड तुटली असेल तर स्थिर विजेचा एक चटका लिंक पाडायला पुरतो. माझी लिंक ऐन मंगलाष्टकात पडली होती! हिवाळा, स्टेजवर गालिचा, कुणीतरी येऊन रॅकला हात लावला आणि भटजींचा माईक गप्प.

मल्टिमीटर बीपवर ठेवून एका टोकाच्या धातूपासून दुसऱ्या टोकाच्या धातूपर्यंत तपासा. बीप नाही? केबल बदला. वाजला तरी कनेक्टरजवळ वायर हलवून बघा.

मध्ये नेटवर्क स्विच लावला असेल तर काढा. सॉकेट तसंच दिसलं तरी हे कॉम्प्युटरचं नेहमीचं इथरनेट नेटवर्क नाही. मिक्सरचं क्लॉक सिंक (डिजिटल आवाजाची वेळ कुणाच्या घड्याळावर चालते ती सेटिंग) इंटरनलवर, म्हणजे मिक्सरच्या स्वतःच्या घड्याळावर, आहे ना, तेही एकदा बघून घ्या.