नोकरी सांभाळून डीबीए: प्रवेशापूर्वी काय तपासावे

आपल्याला पुढे भारतात प्राध्यापकी करायची असेल, तर दूरशिक्षणाच्या डीबीएचा (डॉक्टर ऑफ बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे व्यवस्थापनातील डॉक्टरेट) नाद सोडून पीएच.डी.चा विचार करावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी. दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने देता येत नाही, मात्र कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन ती अर्धवेळ करता येते. उद्योगक्षेत्रातील कामासाठीच पदवी हवी असल्यास, डीबीए देणाऱ्या विद्यापीठाला स्वतःच्या देशात डॉक्टरेट देण्याचा कायदेशीर अधिकार आहे का, आणि जाहिरातीत मिरवलेले ‘अँबा’चे (व्यवस्थापन अभ्यासक्रमांना मानांकन देणारी ‘असोसिएशन ऑफ एमबीएज’ ही संस्था) मानांकन डीबीएला आहे की केवळ एमबीएला, हे मूळ संकेतस्थळावरच पडताळावे. मार्गदर्शक कोण, मौखिक परीक्षेला बाहेरचा परीक्षक असतो का, पूर्वीचे प्रबंध ग्रंथालयात वाचायला मिळतात का, हे लेखी विचारावे. ‘सवलत आजच संपते’ म्हणणाऱ्या समुपदेशकाला या प्रश्नांची उत्तरे बहुधा देता येत नाहीत.