छोटूला शेतात कशाला नेतात?

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आईने मला फोनवर वाचून दाखवले आणि नंतर त्याचा फोटोही पाठवला. तू विचारले आहेस की, कॅनडात ऑक्टोबर लागला की आपण सुटीच्या दिवशी सफरचंदाच्या बागेत, भोपळ्याच्या शेतावर किंवा रंग बदललेली मेपलची झाडे पाहायला जातो, तसे तुम्ही सध्या राहायला गेला आहात त्या विदर्भातल्या आजीच्या गावात कोणीच का जात नाही. आणि जिथे जातात, म्हणजे शेतात, देवीला नाहीतर कोणाच्या घरी, तिथे दोन वर्षांच्या छोटूला त्यातले काही कळत नसताना उचलून का नेतात. दुसरा प्रश्न मला अधिक आवडला, पण पहिल्याचे उत्तर दिल्याशिवाय त्याचे उत्तर देता येणार नाही.

पानांचे आधी सांगतो, कारण ते सोपे आहे. इथे कॅनडात दिवस लहान होऊन थंडी वाढू लागली की मेपलच्या पानांतले हरितद्रव्य मोडते, त्याखाली झाकलेला पिवळा रंग दिसू लागतो, लाल रंग तर त्या दिवसांत नव्यानेच तयार होतो, आणि मग पाने गळतात. विदर्भातल्या झाडांना थंडीची नव्हे, कोरड्या दिवसांची काळजी असते. साग आणि पळस पाने टाकतात ती हिवाळा सरता सरता, माघ-फाल्गुनाकडे, जमिनीतली ओल कमी झाल्यावर. त्यामुळे आश्विनात मेळघाटाकडे पाहिलेस तर डोंगर हिरवेगार दिसतील. कोणाला पाने पाहायलाच जायचे असेल तर त्याने होळीच्या सुमारास पळस फुलल्यावर यावे. त्या वेळी झाडावर पान नसते आणि सगळी फांदी केशरी असते.

आता माणसांचे. पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परतीला लागतो आणि त्याच दिवसांत आपल्या भागातली सगळी कामे एकदम अंगावर येतात. सोयाबीनची सोंगणी थांबवता येत नाही, कारण वाळलेल्या शेंगा उन्हाने फुटून दाणे जमिनीवर पडतात आणि अवकाळी पाऊस आलाच तर उभे पीक काळे पडते. ती संपते न संपते तोच पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, बोंडे फुटू लागतात. अशा दिवसांत सकाळी डबा घेऊन कुठेतरी नुसते भटकायला निघालेल्या कुटुंबाकडे गाव कसे पाहील, हे तू आजीलाच विचार. निघायला काहीतरी निमित्त लागते: काम, देव, पाहुणपण किंवा पंगत. निमित्त असले की मात्र हेच गाव अख्खे घर बंडीत नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून निघते आणि दिवसभर परत येत नाही.

सीतादहीच्या दिवशी तू शेतात होतीस, असे आईने सांगितले. पहिल्या वेचणीच्या आधी दहीभाताचा नैवेद्य दाखवून शेताची पूजा करायची आणि मगच कापसाला हात लावायचा, अशी ही आपल्याकडची रीत आहे, आणि ती बायकांच्या हातची आहे. आबाजी त्या दिवशी बांधावर उभे राहतात. सांगितले तर पाणी आणून देतात. छोटूने म्हणे नैवेद्याच्या भातात हात घातला आणि मोठी आई रागावण्याऐवजी हसली. मला त्यात नवल वाटले नाही. लहान मुलाने नैवेद्य उष्टावला तर आपल्याकडे ते कोणी फारसे मनावर घेत नाही.

त्याला तिथे का नेले, याचे खरे कारण मात्र अगदी साधे आहे आणि ते कोणी कौतुकाने सांगत नाही. वेचणीच्या दिवसांत घरी त्याच्याजवळ थांबायला कोणी उरतच नाही. वेचायला जाणाऱ्या बाया आपली तान्ही मुले बरोबर आणतात, निंबाच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी बांधतात आणि त्या झोळीला झोका द्यायला तुझ्याएवढी एखादी मुलगी बसवतात. त्या मुलीची शाळा त्या दिवशी बुडते, हेही मला तुला सांगितले पाहिजे. परदेशात राहणारी आपली माणसे गावाकडच्या एकत्र राहण्याविषयी गोड बोलतात तेव्हा झोळीची दोरी धरलेली ती मुलगी त्यांच्या बोलण्यात येत नाही. आपल्या घराला मजुरीला जावे लागत नाही, म्हणून छोटूचे शेतात जाणे ही आपल्यासाठी मौज आहे. शेजारच्या झोळीतल्या बाळासाठी तो रोजचा दिवस आहे.

कारण असे गरजेचे असले तरी त्यातून एक चांगली सवय घडली आहे. इथे भोपळ्याच्या शेतावर आपण छोटूसाठी जातो. गवताच्या गासड्यांवर बसवून फिरवणारा ट्रॅक्टर, हात लावायला ठेवलेल्या शेळ्या, त्याच्या उंचीचे भोपळे, सगळे त्याच्यासाठी मांडलेले असते आणि तासाभराने तो कंटाळून रडू लागला की आपण तिघे त्याच्याभोवती धावतो. आजीच्या शेतात त्याच्यासाठी म्हणून काहीच मांडलेले नसते. तो मातीत बसतो, ढेकूळ फोडतो, कोणाच्या तरी ओटीतला कापूस उपसतो, आणि रडू लागला तर जिचा हात मोकळा असेल ती त्याला उचलते. काकू, आत्या, मोठी आई, वेचणाऱ्या बाया, यांच्यापैकी कोणीही. आई सांगत होती की पहिले काही दिवस तो सगळ्यांना बिचकत होता आणि आता तिच्याकडे फक्त झोपायला येतो.

तरीही तू त्याची ताई आहेस, म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेव. सोयाबीन कापलेल्या रानात त्याला अनवाणी उतरवू नकोस, कारण तिथली धसकटे खिळ्यासारखी उभी असतात. फवारणी झालेल्या पऱ्हाटीत त्याला नेऊ नकोस आणि फवारणीचा डबा, पंप किंवा रिकामी बाटली दिसली तर त्याचा हात तिकडे जाऊ देऊ नकोस. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते, तेव्हा ही भीती उगीच नाही. सोंगणीनंतरच्या ढिगाऱ्यांत साप असू शकतो, म्हणून गंजीजवळ बसणे नको. शिवाय ऑक्टोबरचे दुपारचे ऊन तुम्हा दोघांच्या सवयीचे नाही. सकाळी लवकर जावे, उन्हे चढली की सावलीत यावे आणि बाहेर पडायचेच असेल तर पुन्हा चारनंतर पडावे. आजी त्याच्या गालावर काजळाची तीट लावते ती लावू दे, पण टोपी विसरू नकोस.

देवाच्या निमित्ताने होणाऱ्या फिरण्याचे तसेच आहे. नवरात्रात तुम्ही अमरावतीला अंबादेवी आणि एकवीरादेवीच्या दर्शनाला गेलात, तेव्हा गर्दीत छोटू काकांच्या खांद्यावर होता आणि त्याला देवीपेक्षा फुगेवाला अधिक दिसला असणार. पुढच्या वेळी आईचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी त्याच्या खिशात ठेवा. कोजागिरीनंतर आणि दिवाळीच्या आधी मोझरीला गुरुकुंज आश्रमात तुकडोजी महाराजांचा पुण्यतिथी महोत्सव असतो. महाराज 11 ऑक्टोबर 1968 रोजी गेले. गावोगावचे गुरुदेवभक्त तिथे जमतात आणि ठरलेल्या क्षणी तो अफाट समुदाय उभा राहून मौन श्रद्धांजली वाहतो. आबाजी तुम्हाला नेतो म्हणत आहेत. तू अवश्य जा. छोटूला मात्र त्या वेळी मंडपाबाहेर ठेवावे, असे माझे मत आहे. त्याला मौन शिकवण्याचा प्रयत्न आपण घरी करून पाहिलेला आहे.

गावातल्या गावातही फिरणे असते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणत संध्याकाळी घरोघर जातात आणि प्रत्येक घरी डबा हलवून, आवाजावरून आतला खाऊ ओळखायचा असतो. तू यात सामील झालीस हे वाचून आनंद झाला. छोटूला कडेवर घेऊन गेलीस तर एक अडचण येईल, ती म्हणजे तो खाऊ ओळखला जाण्याआधीच मागेल. कोजागिरीच्या रात्री भुलाबाईची बोळवण होईल, अंगणात दूध आटेल आणि आजी तुला ओवाळील, कारण त्या पौर्णिमेला घरातल्या पहिल्या अपत्याला ओवाळतात. छोटूने हट्ट केला तरी पाटावर त्याला बसवू नये. वर्षात एवढा एकच दिवस तुझा एकटीचा आहे. त्याच्या दुधात काजू-बदाम अख्खे न घालता त्यांची बारीक पूड घालायला सांग.

तुला हवी असलेली, इथल्यासारखी सहल म्हणावी अशी गोष्ट आपल्याकडे दिवाळीनंतर येते. कार्तिक शुद्ध नवमीपासून पौर्णिमेपर्यंत आवळीच्या झाडाखाली जेवायचे असते आणि त्याला आवळीभोजन म्हणतात. त्याच नवमीला कूष्मांड नवमीही म्हणतात आणि त्या दिवशी कोहळ्याचे दान करतात, म्हणजे भोपळ्याच्या भावकीतले फळ तिथेही आहेच, फक्त त्यावर डोळे-दात कोरत नाहीत. आवळीची पूजा होते, प्रदक्षिणा होतात आणि मग जेवण. आपल्या घरी त्या दिवशी रोडगे असतात.

रोडगे कसे होतात ते तू जवळ बसून पाहा, कारण त्यांचा वास फोनमधून येत नाही. गव्हाच्या जाडसर पिठात मीठ, ओवा आणि तेलाचे मोहन घालून घट्ट मळतात. मग लहान लहान पोळ्या लाटून, प्रत्येकीला तेल लावून, एकीवर एक ठेवतात आणि सगळ्यात बाहेरच्या मोठ्या पोळीत गुंडाळून मुठीपेक्षा मोठा गोळा वळतात. तोवर मोठे बाबा गोवऱ्यांचा जगरा पेटवतात. ज्वाळा बसली आणि निखारा राखेखाली धुमसू लागला की गोळे त्यात पुरतात आणि मधूनमधून उलटतात. घाई केली तर बाहेरून जळतात आणि आतून कच्चे राहतात, म्हणून या वेळात गप्पा, वाद आणि वांगी चिरणे ही कामे उरकतात. भाजलेला रोडगा जाड फडक्यात धरून राख झटकायची, मुठीने दाबून फोडायचा आणि आत तूप ओतायचे. बाहेरचे कवच कडक आणि धुरकट लागते. आतले पदर मऊ असतात. छोटूला ते आतले पदरच वरणात कुस्करून, वर तूप घालून द्या. वांग्याची भाजी आपल्याकडे झणझणीत होते; ती त्याच्या ताटापासून दूर ठेवा. जगऱ्याच्या जागेवर जेवणानंतर पाणी ओतल्याखेरीज कोणी हलू नये, कारण वरून थंड दिसणाऱ्या राखेखाली निखारा बराच वेळ जिवंत असतो आणि दोन वर्षांच्या मुलाला राख फार आवडते.

या जेवणात पुरुष आच सांभाळतात आणि बायका एरवीपेक्षा थोड्या मोकळ्या होतात, हे मला त्यातले सगळ्यात चांगले वाटते. थोड्याच, कारण पीठ मळणे त्यांच्याकडेच राहते. तू मोठे बाबांना विचारून पाहा, या वर्षी पीठही ते मळतील का. तू विचारलेस तर कदाचित हो म्हणतील, मी विचारले असते तर म्हटले नसते.

सफरचंदाच्या बागेची तुला आठवण येत असेल, तर आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेली, संत्री दिवाळीच्या आगेमागे उतरू लागतात. पण आपल्याकडे बाग बहुधा झाडावरच व्यापाऱ्याला दिलेली असते, आणि एकदा सौदा झाला की फळ त्याचे. तोडणारी माणसे, कॅरेट, गाडी, सगळे त्याचे. इथे आपण बागवाल्याला पैसे देऊन त्याची तोडणीची मजुरी करून येतो, हे ऐकून आबाजी फार वेळ हसले होते. ते दरवर्षी विहिरीजवळची झाडे घरासाठी राखतात, त्यांची फळे तुम्हाला तोडता येतील. फळ ओढू नये, देठाशी पिरगळावे. छोटूच्या हाती सोललेली, बिया काढलेली फोड द्यावी आणि साल त्याच्या डोळ्यांजवळ दाबू नये, कारण तिचा रस फार झोंबतो. विहिरीला कठडा आहे, पण तो छोटूच्या छातीएवढाच आहे. त्या बाजूला त्याचा हात मोठ्या माणसाच्याच हातात असू दे, तुझ्याही नको.

तोडणीचा दिवस ठरला की आबाजींना विचारून मला कळव, म्हणजे मी त्या वेळी फोन करीन. इथे तेव्हा रात्र असेल, पण मी जागा राहीन.

आजी-आबाजींना नमस्कार सांग. छोटूला पापा.

तुझा,
बाबा